नवी रॅम बसवली, पडदा काळाच

प्रश्न : डेस्कटॉपमध्ये आणखी एक रॅम बसवली. आता पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. रॅम खराब निघाली का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. बहुतेकदा ती खाचेत पुरती बसलेली नसते. आधी प्लग काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. आता फक्त जुन्या रॅमवर संगणक सुरू करून पाहा. तरीही बंदच? मग हात लागून एखादी केबल सैल झाली असेल. सुरू झाला, तर पुन्हा प्लग काढून त्याच खाचेत नवी एकटी बसवा, खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा. पण रॅम बसतच नसेल तर कृपया जोर लावू नका. ती वेगळ्या प्रकारची असू शकते; डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या कडेवरच्या खाचा वेगळ्या जागी असतात. नवी एकटी चालली, तर दोघींचं आपसात जुळत नसावं. अशा वेळी एकाच पाकिटातली जोडी घ्यावी.