विसरणाऱ्या माणसाची लाज कशाला?



बेनसिराच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात मुलांना बजावले आहे की, पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला समजून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याला हिणवू नये. ख्रिस्तजन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या घरांतही हे दुखणे होते आणि हिणवणारेही होते. नाहीतर असे बजावण्याची गरज पडली नसती.

आज आपण त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतो. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी १९०६ साली अशा एका रुग्ण स्त्रीची हकिकत मांडली होती. हा मेंदूचा आजार आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशाला लावतात हेच विसरणे वेगळे. आपल्या तोंडी मात्र अजून ‘म्हातारचळ’ हाच शब्द आहे. कुणी तर बाहेरची बाधाही म्हणतो!

गृहभेटीला गेल्यावर आम्हाला कधी कधी आतल्या खोलीचे दार ओढून घेतलेले दिसते. ‘आई झोपलीय, फादर.’ आई झोपलेली नसते. ती भलतेच काही बोलेल याची घरच्यांना भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. या आजारात ताज्या आठवणी आधी जातात. तासाभरापूर्वी जेवलेली आई शेजारणीला सांगते, ‘सुनेने सकाळपासून जेवायला घातलं नाही.’ ती खोटे बोलत नाही. जेवण तिला आठवतच नाही. शेजारीण ते चार घरी सांगते आणि रात्र रात्र जागणारी सून गावभर बदनाम होते. गोव्यात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही लोकांनी अशा लक्षणांचे कारण मुलांची हेळसांड आणि मायेचा अभाव असेच सांगितले होते. मग दार बंद होणार नाही तर काय?

दार बंद झाले की डॉक्टरही लांबतो. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही असाच विसराळूपणा येऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. लाजेपायी ती तपासणीही राहून जाते.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात जॉन लॉकचे मत शिकवतात: जाणीव आणि आठवण यांच्या सातत्यामुळे माणूस ‘तोच’ राहतो. वर्गात ते पटते. पण सुनेचे नाव विसरलेली बाई जपमाळेचे पाचही दशक न चुकता म्हणते तेव्हा आम्हाला लॉक अपुरा वाटतो. आणि उद्या जपमाळही विसरली, तरी स्नानसंस्कारात परमेश्वराने जिला नावाने हाक मारली तीच ही बाई आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या प्रबोधनपत्रात लिहिले आहे की, मानसिक अपंगत्व असलेल्या, स्नानसंस्कार व दृढीकरण झालेल्या व्यक्तींनाही शक्य तेव्हा पवित्र कम्युनियन मिळावे. ते कुटुंबाच्या आणि समूहाच्या श्रद्धेतही स्वीकारले जाते.

गोव्याच्याच दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी या घरी जायचे, आजार समजावून सांगायचा, घरच्यांचे ऐकून घ्यायचे. त्यामुळे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांना हे जमण्यासारखे आहे. ज्यांनी आईवडिलांचे असे दुखणे काढले आहे त्यांनी पुढच्या सभेत दहा मिनिटे बोलावे: पहिली खूण कोणती दिसली, शेजाऱ्यांचे कोणते वाक्य लागले, कोणाची मदत झाली. इतरांनी ऐकावे, सल्ले देऊ नयेत. आणि कुणी म्हातारी व्यक्ती ‘मला उपाशी ठेवतात’ म्हणाली, तर ती गोष्ट चार घरी न नेता आधी त्याच घरी जाऊन चौकशी करावी. कधी तक्रार खरीही असते. तेही गेल्याशिवाय कळत नाही.

घरी कम्युनियन हवे असल्यास कार्यालयात कळवावे. आम्ही शक्यतो सकाळी येऊ, कारण संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता बऱ्याचदा वाढते. आतल्या खोलीचे दार उघडेच ठेवा.

तुमचे धर्मगुरू