पद्मिनी घ्यायची म्हणतेस?

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, तू गाडी बघून नाही आलीस, गाडीच्या प्रेमात पडून आलीस. फिकी निळी पद्मिनी, सीटला तोच जुना वास, आणि मालक म्हणाला असेल, "उद्या दुसरी पार्टी येतेय." येऊ दे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून २००१ पर्यंत निघत होती, आधी फियाट डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून. एक हुकली तर दुसरी मिळेल. घ्यायची तर आहेच, पण टोकन देण्याआधी मामाचं एवढं ऐक.

१. सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेव – गार गाडी खरं बोलते, तापवून ठेवलेली कुणाच्याही हातात सुरू होते.

२. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीचा रंग बघू नकोस – ओल्या अंगावर प्रत्येक गाडी नवी दिसते.

३. फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून ने. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दाराखालचा उंबरा, सगळीकडे फिरव – जिथं चुंबक सुटून पडेल तिथं पत्रा उरलेला नाही, डेंटरनं लांबी भरलीय.

४. आतली मॅट उचलल्याशिवाय उठू नकोस, विकणाऱ्याला राग आला तरी – गंज वर दिसतो तेव्हा खाली त्याचं घर बांधून झालेलं असतं.

हे चौथं मी पैसे मोजून शिकलोय. माझी पहिली गाडी क्रीम रंगाची होती. बंपर असा चकाकत होता की त्यात मला माझाच हसरा चेहरा दिसला, आणि मी खाली वाकलोच नाही. पहिल्या पावसाळ्यात मागच्या सीटपुढे घोटाभर पाणी साचलं. मॅट काढली तर खाली डांबराचा जाड थर. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जरासं टोकरलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला. पलीकडे रस्ता दिसला. गाडीच्या किमतीइतकाच खर्च त्या पत्र्यावर झाला. तेव्हापासून मी म्हणतो, इंजिन पैशानं मिळतं, पत्रा पुण्याईनं.

५. जॅक लावून एक बाजू उचलायला सांग आणि त्याच बाजूचं दार उघडून मिटून बघ. दार अडकलं तर नमस्कार करून घरी ये – पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. उंबरा कुजला की उचलताना पेटी वाकते.

६. गाडी कुठं राहिली ते विचार. मुंबई, कोकण, गोव्याची असेल तर खालून दुप्पट वेळ बघ – खारा वारा पत्रा खातो. सोलापूर-लातूरकडची असेल तर पत्रा बरा निघेल, पण काचांची रबरं आणि डॅशबोर्ड उन्हानं तडकलेले असतात, त्याचे पैसे बाजूला ठेव.

७. दाराचं रबर बोटानं जरा ओढून आत डोकाव, आणि डिकीचा तळ चाचप. रबराखाली काळा-पिवळा रंग किंवा डिकीत सीएनजीच्या टाकीची भोकं सापडली, तर ती जुनी टॅक्सी आहे – टॅक्सी म्हणजे वाईट गाडी असं नाही, तिनं आपल्या मुंबईला पोसलंय; पण ती फिरलीय खूप, आणि टॅक्सीची खाजगी गाडी झाल्याची नोंद कागदावर असायलाच हवी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती, २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती उतरली. त्या दिवशी मी काळबादेवीला उगाचच चालत गेलो होतो.

८. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरव. दुधाळ लोण्यासारखं काही लागलं तर गॅस्केटची शंका धर – ऑइलमध्ये पाणी शिरलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे, चांगला मिस्त्री ते उभं करतो. यावर रात्रीची झोप घालवू नकोस.

९. ब्रेकवर पाय दाबून मिनिटभर तसाच धर. पेडल हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर गळतोय – चारही चाकांना ड्रम आहेत, ही गाडी आधीच थांबायला वेळ घेते.

१०. पुढचं चाक अधांतरी असताना वर-खाली धरून हलव. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलव – खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. ज्यानं वेळेवर ग्रीस भरलं नाही, त्यानं बाकीचंही काही केलेलं नसतं.

११. हँडगिअर चारही टाकून बघ, उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढूनही – गिअर सुटून बाहेर आला तर आतलं काम आहे, नुसता अडखळत असेल तर बहुतेक दांड्याचे बुश झिजलेत.

१२. पेट्रोलचे जुने रबरी पाइप घेतल्या दिवशीच बदल – आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं आणि गळतं, शेजारीच गरम इंजिन असतं.

१३. काचा, दिवे, जाळी, दारांच्या क्रोमपट्ट्या मोजून घे – इंजिनाचे भाग कुर्ल्याच्या बाजारात शोधले की सापडतात, एका पट्टीसाठी मात्र मी दोन वर्षं फिरलोय.

१४. आता कागद, बाळ. इथं डोळे मोठे कर. चासी आणि इंजिनावरचे ठोकलेले नंबर पेन्सिलनं कागदावर उमटवून घे आणि आरसी बुकाशी एकेक आकडा जुळव – जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असतं, बुकात नोंद नसते, आणि आरटीओच्या खिडकीवर ते तुझ्याच गळ्यात येतं. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. दोन्हीच्या तारखा बघ. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, तेही बघ. आणि नावावर असलेला माणूस समोर सही करायला हजर हवा – "काका अमेरिकेत असतात, मी बघतो" असं म्हणणारा पुतण्या गोड असतो, पण गाडी त्याची नसते.

१५. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली मूळ रूपातली गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते: २० हजार रुपये, १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण आधी स्वतःला विचार, रोज चालवायचीय का – ती पाटी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठी आहे, ऑफिसला न्यायला नाही. तुला रविवारी आईला घेऊन लोणावळ्याला जायचंय, हे मला ठाऊक आहे. मग साधी नोंदणीच चालू ठेवलेली गाडी शोध.

त्या निळ्या गाडीच्या मालकाला शनिवारी सकाळी सातची वेळ दे. चुंबक, बॅटरी आणि खाली झोपायला जुनी चादर मी आणतो. तू फक्त जुना ड्रेस घाल, आणि चेकबुक घरी ठेव.