भात : तृणकुलातील एक धान्य

भात हे मूलतः गवतच होय. पोकळ पेरांचे खोड, खोडाला वेढणारे पर्णावरण आणि समांतर शिरांची लांबट पाने ही तृणकुलाची लक्षणे त्यात स्पष्ट दिसतात. गहू, ज्वारी, नाचणी, ऊस आणि बांबू हे त्याचेच कुलबंधू. उपवासाला भात वर्ज्य मानून आपण जी भगर खातो, ती वरीही याच कुलातील! मात्र बहुतेक गवतांच्या फुलांत तीन पुंकेसर असतात, तर भाताच्या फुलात सहा.

हे नाते शेतकऱ्याला खरे अडचणीचे ठरते ते बेणणीच्या वेळी. सावा जातीचे तण कोवळेपणी भातासारखेच दिसते व पुष्कळदा रोपांबरोबर लावलेही जाते. दोहोंतील भेद पानाच्या सांध्याशी असतो. पाते जेथे खोडापासून सुटते, तेथे भाताला पातळ पांढरी जिव्हिका व कानांसारखी केसाळ उपांगे असतात. साव्याला ती नसतात. शाळेच्या परसात दोन्ही रोपे शेजारी ठेवून हा भेद विद्यार्थ्यांना सहज दाखविता येईल.

ओरायझा या प्रजातीत वीसहून अधिक जाती असल्या, तरी लागवडीखाली दोनच आहेत : एक आशियातील, दुसरी पश्चिम आफ्रिकेतील. उरलेल्या जाती रानटी होत. त्यांचे दाणे पिकताच गळून पडतात. दाणा लोंबीला धरून राहावा, हा गुण माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून भातात आणला.

असे असले तरी रानटी भात निरुपयोगी नव्हे. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या व झाड खुरटविणाऱ्या एका विषाणुरोगाने आग्नेय आशियातील भातशेतीचे मोठे नुकसान केले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. त्यांत प्रभावी प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. डॉ. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकराने तो गुण लागवडीच्या भातात आणला. 1976 साली प्रसृत झालेल्या आय. आर. 36 या वाणात तो होता आणि पुढे हा वाण आशियात लक्षावधी हेक्टरांवर पिकविला गेला.

निवाराची वसतिस्थाने म्हणजे उथळ तळी, डबकी आणि रस्त्याकडेचे पाणथळ चर. गावातील पडीक म्हणून हीच जागा सर्वांत आधी भरावासाठी निवडली जाते. अशा ठिकाणी लांब कुसळांचे, पिकताच गळणारे भात दिसल्यास भराव घालण्यापूर्वी कृषी विद्यापीठाला कळवून बियांचा नमुना घेण्यास सांगणे ग्रामपंचायतीला अवघड नाही.