दोष भागात नसतो, सांध्यात असतो

घरी गिटार उघडून बसणाऱ्या बहुतेकांना वाटतं की चांगला आवाज विकत मिळतो. भारी लाकूड आणा, नामांकित पिकअप लावा, परदेशी चिप बसवा, झालं! स्वतःच्या, मित्रांच्या आणि कॉलेजच्या बँडवाल्या पोरांच्या गिटारी खोलता-जोडता, आणि हौसेने पेडल बांधता बांधता, माझं मत वेगळं झालं आहे. सुटा भाग सहसा दगा देत नाही. आवाज घडतो किंवा बिघडतो तो दोन वस्तू एकमेकींना भेटतात तिथे. तार आणि नट, पॉट आणि सोल्डर, पेडल आणि अडॅप्टर, माणूस आणि अर्थिंग. खालचे बोल या सांध्यांबद्दलचे आहेत.

१. आधी नट आणि सॅडल, मग बाकीचं

गिटार सुरात टिकत नाही म्हणून येणारा माणूस बहुधा खुंट्यांना दोष देतो. काही जण तर नव्या खुंट्या घेऊनच येतात. मी आधी तार हळूहळू चढवत नटपाशी कान देतो. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की समजावं, तार खाचेत अडकते आहे. खुंटी फिरते, ताण साठत राहतो आणि वाजवताना मध्येच सुटतो. खाच तारेच्या जाडीच्या मानाने थोडी मोकळी केली आणि त्यात पेन्सिलीचं शिसं चोळलं की बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. खाच उथळ राहिली असेल तर पहिल्या फ्रेटवर तार जास्त खाली दाबावी लागते, ती ताणली जाते आणि साधी कॉर्डसुद्धा चढी लागते.

दुसऱ्या टोकाला सॅडल. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची मोकळी लांबी ६४८ मि.मी. धरतात आणि बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मि.मी.वर येतो. पण दाबलेली तार किंचित ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून सॅडल थोडी मागे घ्यावी लागते. जाड तारेची आणखी मागे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम नव्या तारा लावूनच करावं, कारण जुन्या, झिजलेल्या तारेवर हे गणित जमत नाही.

२. ट्रस रॉडला पाव फेरा आणि एक रात्र द्या

मुंबई-कोकणात जून लागला की लाकूड ओल धरतं आणि नेक हलते. कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. दोन्ही वेळी गिटार बिघडलेली नसते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरावा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहावं. पाव मिलिमीटर, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट पुरते. कमी-जास्त असेल तर नेकच्या पोटातला ट्रस रॉड पाव फेरा फिरवा आणि उद्या पुन्हा बघा. लाकूड लगेच उत्तर देत नाही.

३. पिकअप बदलण्याआधी मीटर काढा

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पण पिकअप एकटा वाजत नाही. त्याच्याशी व्हॉल्यूमचा पॉट आणि केबल जोडलेली असते आणि तिघं मिळून आवाजाचा रंग ठरवतात. वेढ्यांचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स यांच्या मेळातून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्याला आपण ‘चकाकी’ म्हणतो. साधी केबल मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड घेऊन येते. म्हणजे सहा मीटरची केबल लावली की गिटारमध्ये ६०० पिकोफॅरडचा एक अदृश्य कपॅसिटर बसला! उंचवटा खाली सरकतो आणि आवाज बोथट होतो. पॉटचं मूल्य लहान असेल तर उंचवटा चेपला जातो. म्हणून सिंगल कॉइल पिकअपला २५० किलो-ओहम आणि दोन कॉइलच्या हंबकरला ५०० किलो-ओहम अशी रीत पडली.

५०० छापलेला पॉट मीटरवर ४०० दाखवू शकतो, कारण या पॉटना वीस टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घेतलेली असते. ‘हंबकर दबलेला वाजतो’ ही तक्रार मी आधी पॉट मोजून आणि केबल बदलून तपासतो. नव्या पिकअपचे पैसे बऱ्याचदा खिशातच राहतात.

४. भाग तापवा, सोल्डर आपोआप वितळेल

जुने रेडिओ दुरुस्त करणारे ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. टाका दिसतो, पण आत जोड नसतो. हात लागला की आवाज येतो, सोडला की जातो. बहुतेक वेळा कारण एकच असतं. सोल्डर बिटवर वितळवून थंड धातूवर ठेवलेलं असतं. कल्हईवाल्याला विचारा: भांडं घासलेलं आणि तापलेलं नसेल तर कथील धरत नाही. इथेही तेच. फरक एवढाच की त्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड इथे वापरायचं नाही. ते मागे राहून तांबं खातं. पोटात राळ असलेली सोल्डर वायर घ्यावी.

पॉटच्या पाठीवर अर्थची वायर टाकताना २५ वॉटचं बारीक टोक कमी पडतं. पत्रा उष्णता ओढून घेतो, आपण चिकाटीने तापवत बसतो आणि आतली कार्बनची पट्टी भाजते. पाठ पॉलिश पेपरने खरवडावी, रुंद बिट आणि जास्त वॉटचं आयर्न घ्यावं आणि दोन-तीन सेकंदांत काम उरकावं.

५. पहिलं पेडल फझचं करा, पण जर्मेनियमच्या मोहात पडू नका

१९६६ साली लंडनमध्ये आर्बिटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’च्या गोल डबीत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट होते. शिकण्यासाठी याहून सुटसुटीत सर्किट मिळणं कठीण. सुरुवातीच्या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते आणि त्यांच्या मऊ आवाजाची कीर्ती आजही मोठी आहे. पण जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. दर दहा अंशांना सुमारे दुप्पट धरा. इंग्लंडच्या थंडीत नीट बसवलेला बायस नागपूरच्या मे महिन्यात जागेवर राहील कसा?

नंतरच्या फझ फेसमध्ये बीसी १०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. त्याच घराण्यातला प्लास्टिकच्या अंगाचा बीसी ५४७ पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतो. एकदम मूठभर घ्यावेत, मल्टिमीटरवर गेन मोजून जोड्या लावाव्यात आणि ब्रेडबोर्डवर आवाज पटल्यावरच सोल्डरिंगला बसावं.

इथेही एक सांधा आहे. फझ फेसचा इनपुट इतका कमी इम्पीडन्सचा की तो थेट गिटारच्या पिकअपला जाऊन भिडतो. म्हणून व्हॉल्यूमची कळ थोडी उतरवली की फझ निवळतो. मध्ये दुसरं बफरवालं पेडल आलं की ही जादू संपते. फझ नेहमी गिटारच्या लगेच पुढे ठेवा.

६. पेडल बंद असेल तर आवाजाच्या मागे चालत जा

नवं पेडल पहिल्याच फटक्यात बोललं नाही की लोक सगळे भाग उपटून काढतात. त्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, सप्लाय: पेडलच्या अडॅप्टरमध्ये बहुधा मधली पिन निगेटिव्ह असते आणि घरातल्या इतर अडॅप्टरमध्ये पॉझिटिव्ह. उलटा सप्लाय चिप क्षणात मारतो. किरकोळ किमतीचा एक १एन४००१ डायोड हे टाळतो, तो आधीच टाकून ठेवावा. दुसरी, व्होल्टेज: फझ फेसच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर नऊच्या निम्मे, साडेचारच्या आसपास व्होल्ट हवेत. तिसरी, आवाज: ॲम्पकडे जाणाऱ्या वायरला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा आणि त्याचं मोकळं टोक सर्किटवर इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत पुढे जा. जिथे आवाज मुका होतो, त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या जोडांमध्ये दोष आहे. ही युक्ती बॅटरीवर चालणाऱ्या पेडलपुरतीच आहे.

७. हम कानाला त्रास देतो, अर्थिंग जीव घेऊ शकतं

तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर घाबरू नका. तुमचं अंग घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्‌झचा गुंजारव उचलत असतं आणि तारांवाटे अर्थला जोडलं गेलं की शांत होतं. हात लावल्यावर हम वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत का, ते आधी बघा. सिंगल कॉइलच्या खाचेत तांब्याची फॉइल लावून ती अर्थ केली की बरीच खरखर जाते. चुंबकीय हम मात्र जात नाही. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्यासाठीच हंबकर घडवला. त्यातल्या दोन कॉइलचे वेढे आणि चुंबकाची टोकं परस्परांच्या उलट असतात. त्यामुळे तारेचा आवाज मिळून येतो आणि बाहेरचा हम एकमेकांना खोडतो.

पण दोन पिनांच्या प्लगवर चालणारा ॲम्प आणि मंडपातला माईक एकत्र आले की प्रश्न आवाजाचा राहत नाही. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वॉन्झीच्या मंचावर अर्थ नसलेल्या माईकला हात लागून मेला. गणपतीत, गॅदरिंगला वाजवणाऱ्या पोरांना मी तेवढ्यासाठी टेस्टर आणि तीन पिनांचा बोर्ड सोबत ठेवायला लावतो. व्हॉल्व्हचा ॲम्प तर घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून बसतात.

८. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा

ट्यूब स्क्रीमरमधली ४५५८ चिप कोणत्या कंपनीची, यावर रात्र रात्र वाद चालतात. त्या पेडलचा स्वभाव मुख्यतः फीडबॅकमधले डायोड आणि आधीच छाटलेला खर्ज यांतून येतो. दोन चिपा सॉकेटमध्ये आलटून पालटून लावा, व्हॉल्यूम कानाला सारखा करा आणि कोणती लावली आहे ते दुसऱ्याला ठरवू द्या. जो नमुना किंचित मोठा वाजतो, तोच कानाला ‘गोड’ वाटतो, एवढं लक्षात आलं तरी पुढची पुष्कळ खरेदी वाचते.

९. प्रत्येक खरखर हा बिघाड नसतो

१९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात बेस गिटारचा तुकडा फाटल्यासारखा वाजतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओतला मिक्सर बिघडला होता. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज पुसला नाही, उलट तसाच आवाज देणारं सर्किट बनवलं. त्यातूनच १९६२ साली मायस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं.

आपल्याला याचं नवल कमी वाटायला हवं. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला निसटता स्पर्श करत राहावी आणि स्वरातून उपस्वरांचा झरा फुटावा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो झरा नेमका लावतात. फ्रेटवर आपटणारी तार हेच करते, फक्त कुणी न सांगता. १९६७ च्या सुमारास डॅनइलेक्ट्रोवाल्यांनी विन्सेंट बेल यांच्यासह कोरल सितार काढली, तीही रुंद, सपाट ब्रिजवर तार झणझणवणारी गिटारच होती. म्हणून खरखर ऐकली की मी विचारतो: ही हवी तेव्हा आणता येते का, आणि नको तेव्हा घालवता येते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तिला राहू द्यावं.

१०. काय घरी करायचं आणि काय विकत घ्यायचं, हे ओळखा

पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’मधला गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांबरोबर स्वतःची गिटार बांधायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, ट्रेमोलोत मोटरसायकलच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई. पण पिकअप? स्वतः गुंडाळलेल्यांवर तार ओढताना विचित्र आवाज येई, म्हणून बाप-लेकांनी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक विकत आणले आणि अराल्डाइटमध्ये बुडवून बसवले. हट्टाने सगळं घरीच करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ज्या भागाला वर्षांचा सराव आणि यंत्र लागतं, तो विकत घ्यावा. तो गिटारला कसा भेटेल, ते काम मात्र स्वतःच्या हाताने करावं.

त्यासाठी एक वही लागते. मूळ वायरिंगचा नकाशा, प्रत्येक पॉटचं मोजलेलं मूल्य, नटची उंची, बदलाची तारीख. एका वेळी एकच बदल, आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून डबीत. आवडला नाही तर मागे जाता येतं आणि आवडला तर का आवडला, ते सांगता येतं.