मोटारीची नाडीपरीक्षा

करी रोड स्थानकाबाहेरच्या टॅक्सीत चालकाने किल्ली फिरवली की समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. चालत्या गाडीत तो लुकलुकू लागला, तर काय समजावे?

पिस्टनांच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याबरोबर, म्हणजे क्रँकशाफ्टबरोबर, एक दातेरी चाक फिरते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे एका फेऱ्यास २० मिलिसेकंद. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक ज्वलन होते. एखादे ज्वलन चुकले, तर दांडा किंचित मंदावतो व पुढचे दात संवेदकासमोरून उशिरा जातात. संगणक हा उशीर मोजतो आणि ‘पी०३०२’ असा संकेतांक नोंदवतो. अर्थ : दुसऱ्या सिलिंडरात ज्वलन चुकले.

मात्र ठिणगी पडली नाही की इंधन पोहोचले नाही, हे त्यावरून कळत नाही. ताप मोजला म्हणजे रोग समजला असे नव्हे! ते कारागिरानेच शोधायचे. तोवर न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकात जळून तो निकामी करू शकते. म्हणून दिवा लुकलुकताच वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

आता सांगा : १५०० फेऱ्यांना दोन ज्वलनांत किती वेळ जाईल?