अजपाजप : न मोजता होणारा जप



३२ वर्षे बँकेत आकडे जुळवण्यात गेली. निवृत्तीनंतर जपालाही तीच सवय लागली. रोज ११ माळा, वहीत टिपून. एकदा सौ. म्हणाली, "अहो, माळ फिरायलीय खरी, पण मन अजून काउंटरवरच हाय." राग आला, पण बोलणं खरं होतं.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थोपटली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांना शरण गेले. नामदेवांची ही गत, तर आपलं मडकं कुठलं पक्कं!

तेव्हा अजपाजपाकडे वळलो. दत्तगुरूंना मानणाऱ्या नाथ परंपरेतली ही साधना. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनीही (१९०३-१९७४) सोऽहं साधनाच सांगितली. श्वास आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं'. म्हणजे 'तो मीच'. हा जप आपण करत नाही, तो चालूच असतो. आपण फक्त लक्ष द्यायचं.

योगग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. मिनिटाला १५ धरले तर तासाला ९००, २४ तासांचे बरोबर २१,६००. १०८ मण्यांच्या २०० माळा झाल्या! मात्र डॉक्टर निरोगी माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास सांगतात. म्हणून हा आकडा गाठायचं उद्दिष्ट नव्हे. एकही श्वास नामाविना जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

पद्धत सोपी. पहाटे १० मिनिटे पाठ ताठ ठेवून बसा. खाली बसवत नसेल तर खुर्ची चालते. श्वास लांबवू नका, कोंडू नका. जसा येतो तसा बघा. मन भटकलं तर स्वतःवर चिडू नका, पुढच्या श्वासाला परत या. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच बसा.

गेल्या वर्षी सौ. आजारी पडली. शेवटच्या रात्री दवाखान्यात माझ्या हातात माळ होती, पण बोटं चालेनात. तिचा हात धरला आणि तिच्या श्वासाबरोबर मनात 'सोऽहं' चालू ठेवलं. किती झाले, मोजले नाहीत. पहाटे तिचा श्वास थांबला, माझा चालू राहिला.

आता वही बंद केली आहे. पहाटे बसलो की पहिला श्वास तिच्या नावाने दत्तचरणी ठेवतो. या मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजन्माचा पाळणा झाल्यावर आपणही १० मिनिटे बसून बघा. हिशेब ठेवणारा वर बसला आहे.