नौकानयनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : निवड कशी करावी?

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. गोदावरी, पूर्णा व येलदरीचा जलाशय हेच येथील मुलांच्या परिचयाचे मोठे पाणी. तथापि नौकानयनाचे सैद्धांतिक पाठ आता जिंतूर-पाथरीच्या विद्यार्थ्यांनाही ऑनलाइन घेता येतात. पालक सल्ला विचारतात तो शिक्षकांना व सरपंचांना. म्हणून निवडीचे निकष त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम हेतू निश्चित करावा. शिडाच्या नौकेचा छंद आणि व्यापारी जहाजावरील नोकरी या भिन्न वाटा आहेत. छंदासाठीच्या अभ्यासक्रमात सागरी नकाशावर मार्ग आखणे, भरती-ओहोटीचे गणित, होकायंत्राच्या दिशेतील फरक, हवामान आणि जहाजांची टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम हे विषय असावेत. स्वाध्याय तपासून चुका दाखविणारा शिक्षक आहे काय, हेही पाहावे. शीड हाताळणे व पोहणे मात्र पाण्यातच शिकावे लागते.

नोकरीसाठी असे प्रमाणपत्र पुरेसे नाही. त्यासाठी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. मान्य संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. शुल्क भरण्यापूर्वी ती अवश्य पाहावी. जहाजावर नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास भरती संस्थांना नियमाने मनाई आहे. शेत गहाण ठेवून उभी केलेली रक्कम नोकरीची हमी देणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पडू नये, यासाठी ग्रामपंचायतीने एवढी माहिती जरी फलकावर लावली, तरी अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.